चार कलमे, आठ पोटकलमे

मु. वरूड,
वैशाख वद्य सप्तमी, शके १८५८

तीर्थरूप उत्तममामाजी यांच्या पायांशी भगवंताचा दंडवत. इकडे सर्व खुशाल आहेत (म्हणजे खुशालराव खुशाल आहेत, माझी हकिकत पुढे येतेच). आपल्या गुडघ्याची कळ कशी आहे? मामींनी एरंडाचं पान बांधायला सुरुवात केली का? अकोल्याच्या उन्हात जिनिंगात उभं राहून कपाशीचे बोजे मोजू नका, हे मी मागच्या पत्रातही लिहिलं होतं आणि आपण ऐकलं नसणार हेही मला ठाऊक आहे. पत्र लिहिण्याचं कारण फक्त आपल्या गुडघ्याची विचारपूस, दुसरं काही नाही. पण कागद उरला आहे म्हणून थोडी इकडची हकिकत लिहितो.

मी वलगाव सोडून वरुडात काय करतो, असं आपण विचाराल. खड्डे खणतो. वैशाखात, काळ्या जमिनीत, मांडीइतके खोल. आजचा अकरावा. तळहाताला फोड आले आहेत, म्हणून अक्षर असं तिरपं दिसतं (कॉलेजातही तिरपंच होतं, पण तेव्हा कारण नव्हतं).

हे कसं झालं ते समजायला दिवाळीपासून सुरुवात करावी लागेल. आमच्या इंग्रजीच्या प्रोफेसरसाहेबांचा एकच हट्ट होता, की कोणताही धडा वाचला की त्याचं टाचण काढावं. आधी पेन्सिल खाली ठेवून धडा एकदा सरळ वाचायचा. मग प्रत्येक परिच्छेदाशेजारी, तो काय सांगतो ते एका ओळीत लिहायचं. ज्या ओळी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात त्या एका कलमाखाली घ्यायच्या, दाखले आणि पुरावे पोटकलमात टाकायचे, आणि पुस्तक मिटून त्या टाचणावरून आपला निबंध लिहायचा. दिसायला सोपं आहे. मी वीस पानांच्या धड्याचं टाचण काढलं ते सव्वीस पानं भरलं. साहेब पुण्याकडचे. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "भगवंत, हे टाचण नव्हे, ही नक्कल आहे, आणि नकलेतही तुम्ही सहा पानं पदरची घातली आहेत. यातलं मुख्य काय आणि गौण काय?" मी म्हणालो, "साहेब, मले सारंच मुख्य वाटते, त्याले मी काय करू?" सगळा वर्ग हसला. आपल्याला माझा स्वभाव माहीत आहे. (तो आईकडून आला आहे असं बाबा म्हणतात, म्हणजे आपल्याच घराण्यातून.) मी बाकावर उभा राहिलो, "काहून हसता रे?" म्हणून ओरडलो, सव्वीस पानं फाडून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि निघालो तो थेट वलगावला येऊन आमच्या वांग्यांच्या वाफ्यात थांबलो. पुन्हा अमरावतीला पाऊल ठेवलं नाही.

आता खुशालराव कोण? वरुडाचे संत्र्यांचे बागाईतदार. त्यांची मुलगी सत्यभामा मागच्या वर्षी मावशीकडे वलगावला राहत होती, आणि मावशीची विहीर आणि आमचे वांग्यांचे वाफे यांच्यामध्ये एकाच धुऱ्याचा बांध आहे. याहून जास्त लिहीत नाही; आपण वडील आहात. ती मास्तरणीच्या परीक्षेला बसते आहे. परीक्षेत आरोग्याचा एक धडा वाचून त्यावर निबंध लिहायचा असतो. तिला वाटतं मी अजून कॉलेजात आहे (सगळ्यांनाच वाटतं, मी कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही). वरुडाहून तिनं चार ओळींत विचारलं, की टाचण कसं काढायचं ते कळवावं. मामाजी, ज्या विद्येपायी मी कॉलेज सोडलं तीच विद्या तिनं माझ्याकडे मागावी! मी दोन दिवस जेवलो नाही (तिसऱ्या दिवशी भरीत होतं, तेव्हा जेवलो).

बंद पाकीट पाठवलं तर घरच्यांना संशय येईल, म्हणून मी साधं कार्ड पाठवलं. माणसानं किती सभ्य असावं! कार्डावर जागा कमी, म्हणून फक्त नियम लिहिले. ते जसेच्या तसे देतो: "चार मुख्य कलमे घ्यावीत. प्रत्येक कलमाखाली दोन पोटकलमे, थोडी आत सरकवून. पोटकलम एकटे कधी ठेवू नये. जे कलम स्वतःच्या बळावर उभे राहत नाही ते दया न करता कापावे. सर्वांचे मूळ एकच असावे." खाली मांडणी समजावी म्हणून ठिपके काढून नकाशाही दिला.

आपण अकोल्याचे, कापसातले. आपल्याला यात काही खटकणार नाही. पण वरुडात कलम म्हटलं की लोकांना एकच वस्तू दिसते, ती म्हणजे संत्र्याचं कलमी रोप. कार्ड पडलं खुशालरावांच्या हातात. ओळीखाली बोट ठेवून त्यांनी ते बागेत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि उलट टपालानं मला कळवलं, "कार्ड पोचलं. पोराले बागेची अक्कल आहे. कलमं घेऊन स्वता या."

"स्वता या" एवढंच मला दिसलं. पुढच्या मोटारीनं वरूड गाठलं. पार्बताबाईंनी, म्हणजे सत्यभामेच्या आईनं, पाटावर बसवून पाटवड्या वाढल्या. खुशालराव म्हणाले, "कलमं कुठी आहेत?" मी म्हणालो, मागून येत आहेत. (याला खोटं म्हणू नये. जगात कलमं आहेत आणि ती केव्हा ना केव्हा येतातच.) ते म्हणाले, "मंग तवरीक खड्डे होऊन जाऊ द्या. चार मोठी अन् आठ लहानी, बारा झाले. तुमचाच नकाशा आहे, तुमीच खना." आणि माझ्या हातात टिकास दिला.

रोज सकाळी ते दोरी घेऊन येतात. "आत सरकवून म्हंजे किती आत? कार्डावर तं बोटभर दिसते." मी म्हणतो, चार हात धरा. ते माझा खणलेला खड्डा पाहतात, कार्ड पाहतात आणि म्हणतात, "हा पोटकलमाचा खड्डा मुख्याच्या रांगेत आला नं भाऊ. बुजवा." दोनदा बुजवला, मामाजी. दोन्ही वेळा टिकास फेकून मोटारीकडे चालायला लागावं असं मनात आलं. पण सत्यभामा बांधावर पाण्याची कळशी घेऊन उभी होती, आणि येत्या द्वादशीला मोर्शीहून कोणी तिला पाहायला येणार आहेत असं पार्बताबाई भाकरी थापताना बोलून गेल्या होत्या. मी मुकाट्यानं पुन्हा खणलं.

परवा संधी साधून मी सत्यभामेला अठरा पानांचं पत्र दिलं होतं. त्यात माझं सगळं हृदय होतं. आज सकाळी तिनं कळशीबरोबर एक चिठ्ठी ठेवली. धावत बांधाआड जाऊन उघडली. ते माझ्या पत्राचं टाचण होतं! "कलम पहिलं: तब्येत, पानं एक ते चार. पोटकलमं: सर्दी, फोड. कलम दुसरं: प्रोफेसर दुष्ट आहेत, पानं पाच ते तेरा. पोटकलमं: चष्मा, पुणं. कलम तिसरं: चंद्र. पोटकलम एकच निघालं, म्हणून कापलं. मुख्य मुद्दा: सापडला नाही."

मी तसाच तिच्यापाशी गेलो. म्हणालो, "एवढं लिवलं अन् तुले मुद्दा सापडला नाही?" ती म्हणाली, "अठरा पानं झाली, पन लग्न हा शबुद त्यात कुठी आहे ते दाखवा मले." तिनं पुढे केलेली पानं मी चाळली. खरंच नव्हता. पान अकरावर 'लगबग' होता. मग म्हणाली, "मले दाखवून तरी काय होते? बाबाले सांगा. तुमच्या तोंडानं होत नसन तं कोन्या मोठ्या मानसाले बोलवा. द्वादशी पाच दिवसांवर आली." आणि कळशी उचलून गेली.

असो. बाकी हवा कोरडी आहे. गुडघ्याला जपावं. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक भाचा,
भगवंत

ता. क. : गुडघा थोडा बरा असल्यास (आणि नसल्यासही) द्वादशीच्या आत वरुडाला येऊन खुशालरावांकडे माझ्यासाठी सत्यभामेला मागणी घालावी. पत्रात हे लिहायचं राहून गेलं.

ता. क. दुसरा : मी कॉलेज सोडल्याचं आपणच त्यांना सांगावं. मी सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा त्यांनी त्यात संत्र्याची फोड घातली. कलमांचंही आपणच पाहावं.

ता. क. तिसरा : पाकीट बंद करत होतो तेवढ्यात खुशालराव आले. कोणाला पत्र, म्हणाले. मामाला, म्हणालो. "मंग माझंही चार शबुद लिवा," म्हणून समोर बसले आहेत. ते सांगतात तसं लिहितो. "उत्तमरावले रामराम. पोरगं कॉलेजातून दिवाळीलेच निघालं, हे मले मेहुनीनं तवाच कळवलं. कलम म्हंजे काय, तेबी पोरीनं कार्ड आलं त्याच दिवशी सांगतलं. पन पोराचं डोकं तापते असं ऐकलं होतं, म्हून वैशाखात खड्ड्यात उतरवून पाह्यलं. दोनदा बुजवाले लावला तरी पळाला नाही. मोर्शीवाल्याले कालच नाही म्हून कळवलं. तुमी द्वादशीले पुरनाच्या जेवनाले या, बोलनं करून टाकू. अन् तुमच्या भाच्यानं लिवनं थांबवून लवकर उठावं, बारावा खड्डा बाकी आहे."