दुपारी चढणाऱ्या साखरेबाबत आणि इफ्रा वारसामे हिच्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
वृद्ध शुश्रूषागृह विभाग, राज्य आरोग्य खाते,
मिनेसोटा.

विषय : हॅल्वोर लेक शुश्रूषागृह, खोली क्र. १४ येथील ऑर्विल हाउगेन यांच्या औषधनोंदींची चौकशी होणेबाबत व सेविकेविरुद्धची माझी तक्रार मागे घेणेबाबत.
संदर्भ : माझा दि. ११ फेब्रुवारीचा अर्ज.

महोदया,

१. ऑर्विल माझे पती. वय एक्याऐंशी, आजार अल्झायमर. जानेवारीत छाती भरून त्यांना धाप लागली. औषधाने ती ओसरली, पण रक्तातली साखर चढू लागली. सकाळी ११८, दुपारी चारला ३४०. दुपारच्या पाळीला इफ्रा वारसामे ही सेविका असे. ती त्यांना चोरून गोड भरवते, असा मला दाट संशय आला. मी कचऱ्याची टोपली उपसली, उशीचा अभ्रा उलटा केला, त्यांच्या बोटांचा वासदेखील घेतला. काहीच सापडले नाही, तेव्हा ही बाई फार सावध आहे, असे मी संदर्भीय अर्जात लिहिले. तिला कामावरून काढण्यात आले.

२. साखर तरीही उतरली नाही. उलट ऑर्विल माझ्याकडे बोट दाखवून नर्सला विचारू लागले, "ही बाई रोज इथं का येऊन बसते?" व्यवस्थापक ब्रँडव्होल्ड म्हणाले, "आजार पुढं सरकतोय, मिसेस हाउगेन. मनाची तयारी ठेवा."

३. दि. ४ मार्च रोजी इफ्रा किराणा दुकानात भेटली. मी तोंड चुकवत होते. तीच समोर आली. म्हणाली, "मी त्यांना साखरेचा कणही दिला नाही, बाई. जानेवारीत धापेसाठी दिलेली ती गोळी अजून का चालू आहे, ते विचारा. मी नर्सना तीनदा विचारलं, तर म्हणाले, तू फक्त आंघोळी घाल."

४. तेही मला खरे वाटले नाही. स्वतःची कातडी वाचवते आहे, असेच वाटले. तरी दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानातून जानेवारीच्या चिठ्ठीची प्रत काढली. स्टेरॉइड, पाच दिवस. दिले गेले सात आठवडे. या गोळीने साखर दुपारनंतर चढते, डोकेही गोंधळते, असे डॉक्टरांनी मला आता सांगितले. गोळी चालू ठेवायला कोणी सांगितले, ती नोंद शुश्रूषागृहात मागितली, तर "सापडत नाही."

५. गोळी आता हळूहळू कमी करत आहेत. काल चारला साखर १६२ होती. गुरुवारी ऑर्विल म्हणाले, "आर्डिस, किती वाळलीस गं!" शुक्रवारी मी पुन्हा परकी. यात आजार किती आणि गोळी किती, हे कोणी सांगत नाही. माणसे ओळखण्याचे त्यांचे दिवस मोजकेच उरले होते. त्यांतले गोळीने किती नेले, हे मला लेखी हवे आहे.

६. तरी औषधनोंदी तातडीने ताब्यात घ्याव्यात. इफ्राला कामावर परत घ्यावे आणि चूक आर्डिस हाउगेनची होती, असे तिच्या कागदांत स्पष्ट लिहावे. मी तिला तसे तोंडी सांगितले आहे. ती फक्त "बरं" म्हणाली.

७. सध्या मी सकाळी सातपासून त्यांच्या दाराशी खुर्ची टाकून बसते आणि प्रत्येक गोळीचे नाव विचारल्याशिवाय त्यांना गिळू देत नाही. माझ्यामुळे कामात अडथळा येतो, अशी तक्रार आपल्याकडे येईल. ती खरी आहे. मी उठणार नाही.

लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
आर्डिस हाउगेन
दि. २० मार्च

सोबत : १. औषधाच्या चिठ्ठीची प्रत. २. साखरेचे आकडे, माझ्या हस्ताक्षरात.