विमानतळ सरकारीच राहिला पाहिजे!

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या तरुणपणाचे पुरावे मागं राहत नाहीत, म्हणून त्यांची चरित्रं चुकीची लिहिली जातात. माझं चुकायला नको.
माहिती: नाव सम्राट. गाव राहू, तालुका दौंड. शिक्षण इंजिनिअरिंग, दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत. वर्कशॉपचे सर म्हणाले माफी माग, मी म्हणालो डिग्री तुमच्याकडंच ठेवा. त्यांनी ठेवली.
सध्या एव्हिएशन सेक्टरमध्ये. आमची माळाची जमीन विमानतळात गेली, त्या बदल्यात घरटी एक नोकरी, ठेकेदाराच्या हाताखाली. डिपार्टमेंट बर्ड कंट्रोल. विमान यायच्या आधी धावपट्टीवर सुतळी बॉम्ब लावायचे, पाखरं उडवायची. आण्णा (वडील) पारावर सांगतात, "पोरगं पाखरं हाकलतंय." घरच्यांना डेसिग्नेशनचं महत्त्व नसतं.
विमानतळ सरकारी. टर्मिनल चकाचक, विमान एकच. आठवड्यातून तीनदा हैदराबादहून येतं आणि परत जातं. अर्धं भरलेलंही कधी पाहिलं नाही. पण एअरलाइनच्या काउंटरला सायली बसते. कारेगावहून स्कूटीवर येते. ती बसली की विमानतळ फुल वाटतो.
संकल्प: या आठवड्यात तिच्याशी बोलणे.

६ ऑगस्ट
पेपरात बातमी. आपला विमानतळ तोट्यात. सरकारपुढं तीन पर्याय: एका कंपनीला चालवायला द्यायचा, आहे तसा स्वतःकडं ठेवायचा, नाहीतर बंद करायचा. सप्टेंबरात जनसुनावणी घेऊन लोकांचं मत विचारणार.
माझं मत विचाराल तर, मत नाही. पाखरं कंपनीच्या राज्यातही तीच येणार.

८ ऑगस्ट, दुपारी
मत झालं.
कंपनीचा माणूस पाहणीला आला. नाव स्वराज. गॉगल छताखालीसुद्धा उतरवला नाही. पाहणी धावपट्टीची करायची, तर हा काउंटरला टेकून उभा. कॉफी मागवली. तिच्यासाठीसुद्धा. सायली हसली. मी काचेबाहेरून बघत होतो, तेवढ्यात धावपट्टीवर टिटव्या उतरल्या आणि विमानाला वरच्या वर जादा घिरट्या घालाव्या लागल्या. मॅनेजर साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं.
जनतेची मालमत्ता खासगी भांडवलदारांच्या घशात जाऊ देणार नाही. जीव गेला तरी.

११ ऑगस्ट
सायलीशी बोललो! सुरुवात तिनंच केली. म्हणाली, "दादा, ते बॉम्ब जरा लांब लावा ना, पॅसेंजर दचकतात." (इथं सगळ्यांनाच दादा म्हणायची पद्धत आहे.)
विषय मी विमानतळावर आणला. ती म्हणाली, कंपनीनं घेतला तर फ्लाइट वाढतील, नाहीतर आमची एअरलाइन इथून गाशा गुंडाळणार, सगळ्यांना तसं सांगून ठेवलंय. हे बोलताना ती माझ्याकडं न बघता कीबोर्डकडं बघत होती. म्हणजे दबावाखाली बोलत होती. बिचारी. तिला सोडवायलाच हवं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर ग्रामसभा. मी तावातावानं बोललो, घसा बसला. ठराव एकमतानं पास: विमानतळ सरकारीच राहिला पाहिजे. ग्रामसभेत कोणताही ठराव एकमतानंच पास होतो असं म्हाळूचं म्हणणं. म्हाळू माझा लहानपणापासूनचा मित्र, कांद्याचा पिकअप चालवतो. त्याला ध्येयवाद परवडत नाही.
'दौंड-शिरूर विमानतळ बचाव कृती समिती' स्थापन. अध्यक्ष मी.

१९ ऑगस्ट
नदीपलीकडून कवठे येमाईची मंडळी आली. म्हणाली, पाठिंबा हाय, पण नाव 'शिरूर-दौंड' करा. आमच्यातले पेटले. जमीन आमची गेली आन् नाव ह्यांचं पुढं? त्यांच्यातले म्हणाले, गोंगाट आमच्या डोक्यावरनं जातोय, त्याचं काय? शेवटी दोन समित्या. नदीच्या दोन्ही काठांवर वेगवेगळे फ्लेक्स. दोन्हीवर विमान आहे, आमच्यावर मीही आहे. विमानापेक्षा थोडा मोठा. प्रिंटिंगवाल्याची चूक, पण दिसतं बरं.
सायली रोज त्या फ्लेक्ससमोरून येते. मुद्दाम वळणावरच लावला. वळणावर वाहन हळू होतं.

२७ ऑगस्ट
नवी योजना. विमान रिकामं जातं हाच शत्रूचा मुद्दा. मग विमान भरायचं. घरटी एक माणूस, एकदा तरी.
आण्णांपासून सुरुवात. आण्णा म्हणाले, "हैदराबादला माझं कोन हाय?"
दगडोबा मामांकडं गेलो, गावातले मोठे बागायतदार. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "कांदा न्हेता येतो का?" म्हटलं, पंधरा किलोपर्यंत. मामा म्हणाले, "मंग ते विमान न्हाई, पिशवी हाय."
दिवसभर फिरलो. साऱ्या गावात हैदराबादला कुणाचं कुणीही नाही. पुण्याला जात असलं तर अख्खं गाव बसायला तयार. पुणं तासाभरावर, हे सांगूनही तयार.
तू स्वतः कवा बसलास, असं म्हाळूनं विचारलं. मी ऑपरेशन्समधला माणूस आहे.

३ सप्टेंबर
सकाळी १० : टर्मिनलच्या गेटसमोर आमरण उपोषण सुरू.
११.३० : मॅनेजर साहेब म्हणाले, उपोषण कर, पण पावणेबाराला विमान हाय, आधी पाखरं उडवून ये. उडवून आलो. आंदोलन चालू असताना कर्तव्यात कसूर नाही, याची इतिहासानं नोंद घ्यावी.
१.१५ : आईनं डबा पाठवला. मेथीची भाजी, भाकरी, ठेचा. आंदोलकानं आईला दुखवू नये.
२.०० : उपोषण स्थगित. सरकारला मुदत दिली आहे.
सायली जाताना स्कूटी थांबवून म्हणाली, "दादा, एकदा नीट बोलायचंय, या विषयावर." विषय म्हणजे कोणता ते स्पष्टच आहे. मी म्हणालो, सुनावणी होऊ दे, मग निवांत. आधी विजय, मग बाकीचं. तिनं स्कूटी चालू केली आणि गेली. लाजली.

२० सप्टेंबर, शनिवार
जनसुनावणी. ऐतिहासिक दिवस.
म्हाळूच्या पिकअपसह मिळेल त्या गाड्यांतून माणसं आणली. कारखान्याच्या वार्षिक सभेला आणतात तशीच: आधी नाश्ता, मग टोप्या, मग घोषणा. नियोजन माझं. मंगल कार्यालय खच्चून भरलं. स्टेजवर पुण्याहून आलेले साहेब, कोपऱ्यात गॉगलवाला स्वराज. आज गॉगल खिशात.
स्वराज बोलायला उठला, आम्ही ओरडलो, तो बसला. मग बायकांच्या बाजूनं एक मुलगी उठली. स्कूटीवाल्या मुली बांधतात तसा तोंडाला स्कार्फ. हातात माइक, आवाज थरथरत होता. म्हणाली, कंपनी आली तर आमच्या नोकऱ्या... पुढचं आम्ही ऐकू दिलं नाही. मी खुर्चीवर चढून घोषणा दिली, "दलाल हटाव!" अख्खा हॉल माझ्यामागं. म्हाळू माझा शर्ट ओढत होता. मला वाटलं, जोशात ओढतोय, म्हणून अजून जोरात ओरडलो. मुलीनं माइक खाली ठेवला आणि बाहेर गेली.
विजय जवळजवळ नक्की.

२१ सप्टेंबर
म्हाळू म्हणतो ती सायली होती.
शक्य नाही. सायलीचा आवाज असा नाही. सायलीचा आवाज काउंटरच्या काचेतून येतो, तो वेगळा.
म्हाळू म्हणाला, "लेका, तिची स्कूटी दारात हुती, मीच माझी पिकअप बाजूला घेतली तिला जायला." स्कूटी पुष्कळांकडं असते.

२३ सप्टेंबर
सायली आली. गुड मॉर्निंग म्हणालो. तिनं प्रिंटरमध्ये कागद घातला. प्रिंटरमध्ये कागद आधीच होता.
कामाचा ताण असणार.

१० ऑक्टोबर
विजय! विजय! विजय!
सरकारचा निर्णय: लोकभावनेचा आदर करून विमानतळ कायम सरकारी मालकीचाच राहील. गावात फटाके. (माझ्या स्टॉकमधले.) दगडोबा मामांनी हार घातला. नदीपलीकडच्यांनी वेगळी मिरवणूक काढली.
दोन महिने इथंच तळ ठोकून असलेला स्वराज सामान घेऊन निघाला. गाडीत त्याची बायको आणि दोन लहान पोरं. धाकटी काउंटरवर सायलीला टाटा करायला धावली. सायलीनं तिला उचलून घेतलं.
बायको आहे, हे त्यानं आधी सांगायला हवं होतं. मी इतकं टोकाला गेलो नसतो.

१४ ऑक्टोबर
एअरलाइनची नोटीस. पंचवीस तारखेनंतर सेवा बंद. हिवाळी वेळापत्रकात आपलं नाव नाही.
मॅनेजर साहेबांना विचारलं, मग आता? ते म्हणाले, "आता काय? विमानतळ हाय. सरकारी हाय. तुम्हाला पायजे व्हता तसा हाय."
आण्णा जेवताना फक्त एवढंच म्हणाले, "जमीन गेली. नोकरी आली. आता नोकरीबी चालली. आता द्यायला काय ऱ्हायलं न्हाई, निवांत झोप."
आण्णांना दूरदृष्टी नाही.

२२ ऑक्टोबर
गेटवरच्या वॉचमनकडून खात्रीची बातमी: काउंटरचा स्टाफ हैदराबादला हलवणार. म्हणजे सायली शेवटच्या विमानानं जाणार!
संकल्प: त्याच विमानात बसणे. वर गेल्यावर, ढगांच्या वर, जिथं गाव नाही, समिती नाही, म्हाळू नाही, तिथं सगळं सांगायचं. तिकीट काढलं. खिडकी.
परतीचं तिकीट नाही. परतीचं विमानच नाही. पण तेव्हा परतायची गरज कुणाला असेल?

२५ ऑक्टोबर, शनिवार. हैदराबाद, संध्याकाळी
सायली विमानात नव्हती.
बोर्डिंग पास तिनंच दिला. मी म्हणालो, तूही याच फ्लाइटला ना? ती म्हणाली, "मला ऑफर होती. नाही घेतली. बाबा कामाला होते ती कंपनी बंद पडल्यापासून घर माझ्या पगारावर चाललंय. त्यांना सोडून हैदराबादला कशी जाऊ? त्या दिवशी माइकवर हेच सांगत होते. तुम्ही खुर्चीवर होतात."
मी पुष्कळ काही पाठ करून आलो होतो.
ती म्हणाली, "अभिनंदन. वाचवलात विमानतळ. गेट नंबर एक." गेट एकच आहे.
मागं रांग नव्हती. तरी मी पुढं सरकलो.
खिडकीतून दिसलं, ती पार्किंगमध्ये उभी राहून तोंडाला स्कार्फ बांधत होती. धावपट्टीवर आज पाखरं हाकलायला कुणी नव्हतं. पायलटनंच सांभाळून घेतलं. हवेत कान दुखले. ढगांच्या वर गेलो, तर शेजारची सीट रिकामी. सगळ्याच रिकाम्या.

२६ ऑक्टोबर, रविवार. रेल्वेत, जनरल डब्यात
म्हाळूचा फोन. सायली सोमवारपासून कारेगावात कुरिअरच्या ऑफिसात लागतेय, निम्म्या पगारावर. "कुठं गेली न्हाई ती. हितंच हाय. आन् ऐक, तू कुरिअर करायला जाऊ नको."
मी म्हटलं, जाणार नव्हतो.
तो म्हणाला, "व्हय तर."
उभ्यानं लिहितोय. शेजारी सोलापूरचे एक काका बसलेत. विचारलं, कुठं गेला होता बाळ? म्हटलं, हैदराबादला, काल विमानानं. ते म्हणाले, मग परत असा का? म्हटलं, आमच्या दौंडकडं आता विमान नाही. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. म्हणाले, अरे, तुमच्याकडं मोठा विमानतळ झालाय ना, पेपरात होतं?
आहे, म्हटलं. सरकारी.
काकांनी माझ्याकडं बघितलं. मग पाय आवरून घेतले, पिशवी मांडीवर घेतली, आणि म्हणाले, बस.