क्लासच्या ॲपमधले मुलींचे नंबर

घाटनांदूर, मंगळवार, संध्याकाळ

शेजारची पूजा आज पोलीस भरतीच्या क्लासला गेलीच नाही. तिच्या वडिलांनी तिचा क्लास बंद केला, फोनही काढून घेतला. कुणी अनोळखी माणूस तिला सारखे फोन करून घाण बोलत होता.

नंबर कुठून गेला असेल, ते मला ठाऊक आहे. कंपन्यांच्या वेबसाइट आणि ॲपमधल्या फटी शोधणं हेच माझं काम. पूजाने मागे क्लासचं ॲप दाखवलं, तेव्हाच दिसलं होतं. पासवर्ड न टाकताही सगळ्या मुलींचे फोटो, पत्ते, नंबर उघडे. मी जाऊन संचालकांना सांगितलं. त्यांनी माझ्या वडिलांना फोन लावला, "तुमची पोरगी लोकांच्या घरात डोकावती."

अण्णा मलाच म्हणाले, "काहून गेलतीस तिथं, बाई? लई मोठी माणसं हायेत ती."

मग मी त्यावर लेख लिहिला. ज्या पेपरात माझं सदर येतं, त्याच्या संपादकांनी तो परत पाठवला. क्लासची जाहिरात त्यांच्याच पहिल्या पानावर असते ना! म्हणाले, "त्यापेक्षा चांगला पासवर्ड कसा ठेवावा, ते लिहा." लिहिलं मी. का लिहिलं? छापूनही आलं, माझ्या फोटोसकट.

आणि मुलींचे फोटो, पत्ते, नंबर? आत्ताच पाहिलं. अजून उघडेच.

मघाशी मी पूजाच्या आईला जाऊन सगळं सांगितलं, पोरीची काही चूक नाही, असंही मी म्हणाले. त्या भाकरी थापतच बोलल्या, "आता सांगून काय व्हतंय? रविवारी पाव्हणे बघायला येणार हायेत तिला."