अडतीस नावं आणि एक बोर्ड

ताई,

पेंटरकडे चाललोय. बोर्डावर 'सोफा व खुर्च्यांची दुरुस्ती' आणि फोन नंबर रंगवून झालाय, वर नावाची जागा कोरी आहे. चारनंतर पेंटर महिनाभर गावाला जातोय आणि आपलं दुकान सोमवारी उघडतंय.

फ्रिजवर चिकटवलेली अडतीसच्या अडतीस नावं तू लाल पेनने खोडलीस. 'आरामात' आळशी वाटतं. 'बसा' उद्धट वाटतं. 'बसा ना' लिहिलं तर म्हणे, एवढी लाडीगोडी कशाला! काल मी मुद्दाम किराण्याची यादी चिकटवली. तीही खोडलीस, वर शेरा मारलास, 'दम नाही'. साबण आणि तुरडाळीत किती दम हवा होता?

टेप शोधताना शिलाई मशीनच्या खणात तुझा राजीनामा दिसला. सही आहे, तारीख नाही. कागद पार पिवळा पडलाय. मी माझी नोकरी सोडून दोन महिने झाले, हे सहज आठवलं म्हणून लिहितोय.

नाव कुठलंही चालेल गं. तू दुकानात येणार आहेस की नाही, तेवढं चारच्या आत पेंटरच्या फोनवर कळव. नाही म्हणालीस तरी चिडणार नाही. थोडा चिडेन.

आणि जिन्याच्या वळणावर जो सोफा ओलांडून तू आत्ता वर आलीस, तो मी सकाळी एकटाच दुकानात न्यायला निघालो होतो. शेजारचे काका तासभर पलीकडे अडकले होते. शेवटी त्याच्यावरच बसून त्यांनी पेपर वाचला.

एकट्याने नाही होत, ताई.