ब्रेकची तार

सोलापूर, मंगळवार, सन १९३४. संध्याकाळ.

जावयाच्या जुन्या फटफटीचे पंक्चर काढले. हात काळे झालेच होते, म्हणून ब्रेकची तारही बाहेर काढली. गिरणीत माग बंद पडला की आम्ही धड असलेला पट्टाही चाचपून बघत असू. ती खोड काही गेली नाही.

जावई हसले. "मामा, ब्रेक लागतोय की. उगा कशाला उसवताय?"

मी उगाच भितो का? असेन भित्रा. पण नळीत दडलेल्या त्या तारेचे दोनच पदर शाबूत निघाले. आणि उद्या याच फटफटीवर मागे बसून माझी लेक गंगू अक्कलकोटला जाणार.

नवी तार मीच ओवली. तीनदा ओढून पाहिली. जावई जवळ येऊन उकिडवे बसले नि म्हणाले, "मामा, साखळीबी बगा की."

साखळी मी सकाळीच बघितली होती. तरी पुन्हा बघितली.