अर्धं ठेवलेलं सूप

अण्णा,

२६ डिसेंबर १९९६, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं, तेव्हा वाद घालू नका. घाटघरच्या शेवटच्या घराच्या पडवीत बसून तुम्ही मला म्हणालात, "तू हो पुढे, मी आलोच मागून." नाणेघाटाच्या तोंडाशी मी पावणेदोन तास उभी होते. तुम्ही आला नाहीत. ही माझी तक्रार आहे, आणि तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली म्हणून ती मी मागे घेणार नाही.

नाणेघाटाच्या कड्यावर शेजारी उभं राहून तुम्ही मला खालचं कोकण दाखवणार, हे मी चौथीत असल्यापासून ठरलेलं होतं. त्या वर्षी मला ऑफिसातून नाताळची सुट्टी मिळाली आणि आपण जुन्नरहून पहिल्या एसटीनं निघालो. परतीची एसटी साडेतीनची. मी भराभर चालत होते आणि तुम्ही दर शंभर पावलांवर थांबत होता. कुणाच्या खळ्यावर नाचणी झोडपत होते ते पाहायला, जीवधन किल्ल्याच्या कड्यावर ऊन कुठवर उतरलं ते पाहायला. मी म्हटलं, "अण्णा, एसटी तुमच्यासाठी थांबणार नाही." तुम्ही म्हणालात, "एसटीत तर तू रोजच असतेस. आज जरा वाटेवर ये." असली वाक्यं तुम्हाला बरी सुचायची. पण मला कॉन्व्हेंटात तुम्हीच घातलंत. तिथे सिस्टर घंटेच्या आधी दोन मिनिटं रांगेत उभं करायच्या. घड्याळ माझ्या अंगात तुम्ही भिनवलंत, आणि मग त्याची टिकटिक ऐकू येते म्हणून कुरकुरलात.

त्या शेवटच्या घरातल्या म्हातारीनं हाक मारली, "या पावणं, पानी तरी पिऊन जावा." तुम्ही लगेच बसलात. पाण्यामागोमाग तिनं आपल्या दोघांपुढे पावट्याच्या शेंगांनी भरलेली दोन सुपं ठेवली. "आमी कुनाला रिकाम्या हातानं बसवत न्हाई," ती हसून म्हणाली. तुम्ही सोलायला लागलात, जणू त्याचसाठी एसटीनं आला होता. मी निम्म्या शेंगा सोलल्या, मनगटाकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"अवो ताई, अर्धं सूप ठिवून उठू नये. घरात दाना टिकत न्हाई."

"मला वेळेत पोचायचंय," मी म्हटलं, ऑफिसातल्या आवाजात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि ते वाक्य बोललात. पुढे हो म्हणून.

कड्यावर मी काय पाहिलं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आज सांगते. काहीही नाही. पावणेदोन तास मी कोकणाकडे पाठ करून तुमच्या वाटेकडे बघत होते. परत आले तर तुम्ही त्याच पडवीत भाकरी आणि पावट्याची आमटी खात बसलेले. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी धड बोलले नाही, आणि पुढे तीन वर्षं, तुम्ही होता तोवर, नाणेघाटाचं नाव काढलं नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा गेले. निवृत्त बायकांचा एक गट आहे, त्यांची पुढारी गळ्यात शिट्टी अडकवते. "मॅडम, ग्रुपचा स्पीड धरा." मी तिला सांगितलं, "माझा गुडघा तुमच्या ग्रुपचा सभासद नाही." सगळ्या पुढे गेल्या. मी एकटी, सावकाश, आणि पहिल्यांदाच पाहिलं की जीवधनच्या कड्यावरून ऊन खरंच उतरतं, पायरी पायरीनं. शेवटच्या घराशी हाक आली. म्हातारी आता नाही, तिची सून आहे. तेव्हा ती नवी नवरी होती. माझ्याकडे निरखून म्हणाली, "तुमी घड्याळवाल्या ताई ना?"

मग तिनं सांगितलं ते असं. "तुमी गेलात आन् बाबा उठायलाच लागले व्हते. त्यांचं सूप झालं व्हतं. मंग तुमचं दिसलं. म्हनले, माझ्या लेकीचं हाय, ते मीच पुरं करतो. सासू म्हनली, ऱ्हाऊ द्या वो, तर ऐकनात. डोळ्यानं नीट दिसत नव्हतं त्यांना. येकेक शेंग चाचपून सोलत व्हते. लई येळ लागला."

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे आम्हाला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. तिनं पुढे केलेलं सूप मी मांडीवर घेतलं. गट कडा पाहून परत आला तरी माझ्या शेंगा संपल्या नव्हत्या. शिट्टी दोनदा वाजली. मी सूप पुरं करून उठले.

आता मूळ मुद्दा. हे मला तुम्ही सांगायला हवं होतं. एका परक्या बाईकडून बारा वर्षांनी कळावं, ही काय रीत झाली? हे पत्र टपालात पडणार नाही, तेव्हा एक गोष्ट कबूल करायला हरकत नाही. त्या संध्याकाळी एसटीत तुम्ही म्हणाला होता, "अगं, त्या सुपाचं असं झालं की..." आणि मी म्हटलं होतं, "मला काही ऐकायचं नाही."

ते वाक्य पुरं करून मला लेखी कळवा. मुदत येत्या २६ डिसेंबरची, सकाळी दहा चाळीसपर्यंत. त्यानंतर मी त्या पडवीत असेन, आणि मला उठायची घाई नसेल.