आईसाठी नवा चेहरा

४ मार्च, रविवार
आईने आज मला ‘आजोबा’ म्हटलं. वर विचारलं, कोणाला भेटायला आलात? केअर सेंटरच्या नर्सबाई म्हणाल्या, आजार पुढे सरकलाय, मनावर घेऊ नका. पण ताईला आई बरोब्बर ओळखते, आणि ताई तर माझ्याहून मोठी! फरक एकच. ताई चेहऱ्याला स्क्रब लावते. म्हणजे बिघाड आईच्या डोक्यात नाही, माझ्या कातडीत आहे. जीव भांड्यात पडला.

५ मार्च
स्क्रब आणला. केमिस्टबाईंनी शिकवणी घेतली. आठवड्यातून दोनदाच, ओल्या चेहऱ्यावर, बोटांनी हलकेच फिरवायचं, मग मॉइश्चरायझर, उन्हात सनस्क्रीन. घासायचं नाही हं, काका. काका! त्यांचं वय काय, माझं काय!
आठवड्यातून दोनदा ही रिकामटेकड्यांची चैन. मी रोज दोनदा करणार.

७ मार्च
चेहरा लालबुंद. तेज येतंय. बायकोच्या मते मी सोललेला टोमॅटो दिसतो. तिला माझं काहीच बघवत नाही.

८ मार्च, सकाळी
कपाळ दाद देईना. टाचा घासायचा दगड वापरला. मान आणि हातही उरकले.

दुपारी
तोंड धुताना ओरडलो. नवी त्वचा हळवीच असणार. मॉइश्चरायझर आणायचं राहिलंय.

९ मार्च
मॉइश्चरायझर आणायला गेलो. मला बघून केमिस्टबाईंनी कपाळाला हात लावला. आधी स्क्रब बंद करा, सोललेल्या जागी काही चोळू नका, डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. मी म्हटलं, रविवारी आईला भेटायचंय, तेवढं होऊ दे. त्यांनी मान हलवली. पटलं असणार.

१० मार्च
ताईचा फोन. आईने काल तिलाही नर्स समजून पाणी मागितलं. ताई फोनवरच रडली.
स्क्रब बंद केला असणार तिने. विचारायचं राहिलं.

११ मार्च, रविवार
खुर्ची मुद्दाम उजेडात ओढली. आईने बराच वेळ न्याहाळलं. मला वाटलं, जमलं.
तिने नर्सबाईंना हाक मारली. म्हणाली, या माणसाला काहीतरी झालंय, डॉक्टरांकडे न्या. मग हळूच म्हणाली, आणि माझा बाळ्या येईल एवढ्यात, त्याला याच्याजवळ जाऊ देऊ नका, उगाच लागण व्हायची.
बाळ्या म्हणजे मी. रडू आवरेना. सोललेल्या गालांवरून पाणी आगीसारखं उतरलं.
नर्सबाईंनी दंडाला धरून मला बाहेर आणलं. आत आई विचारत होती, बाळ्या आला का?
नर्सबाई म्हणाल्या, अजून नाही.